काठवटीतलं रान

नानामामंजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ओसरीवर पालथे पडले होते. एक गाल जमिनीला, एक डोळा मिटलेला. लग्नाला दोन दिवस झाले होते आणि दिसेल त्या वडीलधाऱ्याच्या पाया पडायचं, एवढंच शिकवून मला माहेरून पाठवलेलं. मी पडले. सासूबाई आतून म्हणाल्या, "आगं, निजल्याल्या माणसाच्या पाया पडत्यात व्हय?" नाना हलले नाहीत. "सुखात ऱ्हा पोरी. जरा बाजूला सर, उजेड आडतोय."

त्यांच्या नाकासमोर काठवट होती, भाकरीचं पीठ मळायची, तडा गेलेली. तिच्यात वीत-दीड वीत उंचीची अकरा झाडं, खाली शेवाळ. नाना मुंगीच्या डोळ्यानं त्या रानात शिरून बघत होते.

नाना माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ, पलटणीतले हवालदार. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांची तुकडी काही महिने जपानात होती. तिथं जळालेल्या गावात, उरलेल्या अर्ध्या भिंतीच्या आडोशाला, एक म्हातारा तबकातल्या रानाला पाणी घालताना त्यांना दिसला. नाना रोज जाऊन उभे राहिले, खुणांनी विचारत राहिले आणि पेन्शनीबरोबर हा नाद घेऊन वडूजकडच्या आमच्या गावी परतले. प्यायच्या पाण्याची मारामार तिथं हवालदार काठवटीत रान लावतोय म्हणून गाव हसलं. नाना झाडांसाठी तांब्या घेऊन स्वतः विहिरीवर जात. "तुमी डोक्यावर आणल्यालं पानी माझ्या चाळ्याला न्हाई." घागरी वाहून माना अवघडलेल्या आम्हा सुनांचे नाना तिथंच लाडके झाले.

झाडं नांद्रुकीची, वडाच्या भाऊबंदांतली. विहिरीच्या दगडांत उगवून खुरटलेली रोपं ते हुडकून आणत. "ह्यांची निम्मी शिकवनी हिरीच्या भिंतीनंच केलीया." एकदा ते नसताना मी शेवाळावरचे खडे रांगोळीसारखे ओळीत मांडून ठेवले. नानांनी एकेक खडा उचलून इकडंतिकडं ठेवला. "वळ पलटणीत असती, पोरी. तीन झाडं एका वळीत आली की कवायत झाली, रान न्हाई. थोरलं जरा कडंला, बारकी मागं, म्हंजी रान लांबवर गेल्यागत दिसतंय."

माझे वडील, आप्पा, सांगलीला शाळामास्तर. मी पत्रांतून त्यांना या रानाच्या बढाया मारायची. दिवाळीला ते मला न्यायला आले, काठवटीपुढे बसले ते उठेनात. मीच कानात सांगितलं, "मागा की एक झाड. नाना कुणाला नाही म्हणत नाहीत." मुलीच्या सासरी कधी पाणीसुद्धा मागून न प्यालेल्या माझ्या बापानं लेकीच्या शब्दावर विसंबून झाड मागितलं.

सासूबाई म्हणाल्या, "द्या की एखादं बारकं उपटून. पाव्हणं काय रोज मागत्यात?"

नानांनी शेवाळ बाजूला करून बोट मातीत घातलं. "मुळ्या एकमेकींत गेल्यात. एक वढलं तर चार येतील." मग आप्पांकडे न बघता म्हणाले, "पाव्हणं, एक न्हाई देता येत."

आप्पांचा चेहरा उतरला. मी आत चुलीपुढून बघत होते. तव्यावरची भाकरी जळत होती आणि मला वास येत नव्हता.

"सगळंच न्या," नाना म्हणाले.

आप्पा नको नको करत राहिले. "व्याह्याला न्हाई म्हनायला मला तोंड न्हाई," नाना म्हणाले, "आन् झाड तोडायला हात न्हाई. घ्या."

मोटारीतून, मग रेल्वेतून, आप्पांनी ती काठवट मांडीवर सांगलीला नेली. दिवाळीनंतर मी सासरी परतले, तेव्हापासून नाना दर पंधरवड्याला आप्पांसाठी मला पत्र सांगत: डावीकडच्या तिसऱ्याचा शेंडा खुडा, थोरल्याला जरा उन्हात फिरवा. काठवट समोर नसताना प्रत्येक फांदी त्यांना पाठ होती.

पुढच्या उन्हाळ्यात मी बाळंतपणाला माहेरी गेले. आप्पा चार दिवस लग्नाला गेले आणि काठवट माझ्यावर सोपवून गेले. मी आठव्या महिन्याची, झोपेची अधाशी. चार दिवस पाणी घालायचं राहिलं आणि चार झाडं वाळली. ती पुन्हा फुटतील म्हणून आप्पा रोज बघत राहिले. ती फुटली नाहीत.

बाळाला बघायला नाना डिंकाचे लाडू घेऊन आले. बाळ बघून झालं, आणि म्हणाले, "रान कुठं हाय, मास्तर?" आप्पांनी काठवट मागच्या दारी पोत्याखाली झाकली होती. पोतं काढून ते मान खाली घालून उभे राहिले. "माझ्या हातून झालं. मला सांभाळता आलं नाही."

"आप्पांचं नाही," मी म्हणाले. "पाणी माझ्याकडं होतं."

नाना खाली बसले. चारही झाडांच्या सालीला नखानं टोचून पाहिलं. मग खिशातून कात्री काढून एकेक बुंध्याशी कापलं. ओढलं नाही, बाकीच्यांच्या मुळ्या दुखावल्या असत्या. सात उरली. मधोमध भलीमोठी पोकळी पडली होती.

नानांनी बोटानं त्या जागेवरचं शेवाळ थोपटून बसवलं.

"हे बेस झालं," ते म्हणाले. "नुसती दाटीच हुती. ह्या रानातनं मोळ्या घेऊन येनाऱ्या बायांनी टेकायचं कुठं?"

मग वर बघितलं. "आन् तू वली बाळंतीन, उभी का? टेक जरा."

मी टेकले.