प्लेगच्या साथीतली खोटी कबुली

माझ्या नोकरीची उमेदीची वर्षे नगर जिल्ह्यात गेली. तेव्हाचे बरेच गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण नगर शहरात प्लेग आला होता, त्या दिवसांतले एक प्रकरण मात्र मला अजून स्पष्ट आठवते.

महायुद्ध नुकतेच संपले होते आणि इंग्रजी अमल अजून होता. मी शहर ठाण्याला नवा फौजदार होतो. विणकरांच्या आळीत उंदीर मरून पडू लागले आणि लोकांना काय ते समजले. चार-सहा दिवसांत आळ्याच्या आळ्या मोकळ्या झाल्या. घराला कुलूप लावायचे, पोरेबाळे आणि भांडीकुंडी गाडीत घालायची आणि गावाबाहेर माळावर तट्ट्यांची झोपडी बांधून राहायचे, अशी रीतच होती. एरवी दिवसभर मागांचा खटखटाट चालायचा, तिथे आता स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू येई. शाळा बंद होत्या. भाजीवाल्या वेशीबाहेर बसत. ओळखीचा माणूस भेटला की पहिला प्रश्न, "टोचून घेतलं का?" आम्हा पोलिसांनाही लस टोचली होती. शिपायांचे दंड असे सुजले, की सलामाला हात वर जाईना.

माणसे माळावर गेली तशी मोकळ्या घरांची राखण आमच्याकडे आली. त्यातच विणकरांच्या आळीत दोन घरफोड्या झाल्या. तांब्या-पितळेची भांडी गेली. लोक ठाण्यावर येऊन ओरडू लागले आणि वरिष्ठ मला रोज विचारू लागले.

अशात एका सकाळी त्या आळीतल्या मारुतीचा गुरव ठाण्यावर आला. आळी ओस पडली तरी तो देवाची दिवाबत्ती चुकवत नसे.

"साहेब, देवळामागच्या घराला बाहिरून कुलूप हाय," तो म्हणाला, "पर आत भांडं वाजलं. काल बी वाजलं हुतं."

"मांजर असेल."

"मांजर खोकत न्हाई, साहेब."

मी हवालदाराला आणि दोन शिपायांना घेऊन निघालो. आमचे हवालदार वयाने माझ्या वडिलांएवढे होते. त्यांनी मागच्या बोळात माणसे उभी केली. थोड्या वेळाने परसाच्या भिंतीवरून एक माणूस खाली उतरला. तिशीचा असेल, अंगाने वाळलेला, हातात रिकामा तांब्या. तो पळालाही नाही. त्याला ठाण्यावर आणले.

मी नीट बसण्याच्या आतच तो म्हणाला, "साहेब, दोन्ही चोऱ्या म्याच केल्या. लिवून घ्या."

हवालदार खूश झाले. मला मात्र हे बरे वाटले नाही. मुरलेला चोर तर सोडाच, नवखा चोरही आधी नाकारतो, मग अडखळतो, मग दुसऱ्याचे नाव घेतो. विचारण्याआधी कबूल होणारा माणूस मी पाहिला नव्हता. शिवाय पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, मुद्देमाल हातात यावा लागतो.

"आत कसा शिरलास?" मी विचारले.

"दगडानं कुलूप तोडलं."

"दोन्हीकडे?"

"व्हय, दोन्हीकडं."

मी स्वतः दोन्ही पंचनामे केले होते. चोरांनी कौले काढली होती, कुलपांना कोणी हातही लावला नव्हता.

"माल कुठे आहे?"

"हिरीत टाकला."

"कोणत्या विहिरीत?"

त्याने हाताने कुठे तरी बाहेर दाखवले. हवालदार पुढे सरसावले, "साहेब, माझ्याकडं द्या जरा." मी त्यांना थांबवले. हा माणूस मार खाईल आणि आणखी दोन गुन्हे कबूल करील, एवढाच फायदा झाला असता. मी त्याला विचारले, "ज्या घरातून उतरलास ते कोणाचे?"

"माजंच हाय. माग हाय माजा तितं."

"मग स्वतःच्या घरात भिंतीवरून का जातोस?"

तो सारखा खिडकीतून उन्हाकडे पाहत होता. दुपार झाली तशी त्याची चुळबुळ वाढली. मी शिपायाला त्याला भाकरी द्यायला सांगितले. त्याने भाकरीला हात लावला नाही. मान खाली घालून म्हणाला, "साहेब, भाकरीच्या जागी वाटीभर दूध मिळंल का?"

चहासाठी आणलेले दूध होते, ते दिले. ते त्याने प्यायले नाही. वाटी दोन्ही हातांत धरून तसाच बसला.

"कुणासाठी रे?" मी हळू आवाजात विचारले.

तेव्हा तो रडला. आत त्याची बायको होती. अंगात ताप आणि जांघेत गाठ. माळावर जायच्या आदल्या दिवशी तिला ताप भरला. दोन मुली आणि म्हातारी आई यांना त्याने माळावर पोचवले, बायको माहेरी गेली म्हणून सांगितले आणि बाहेरून कुलूप लावून तो तिची एकट्याने शुश्रूषा करत होता.

"चोर म्हनून आत घातलं तर तुमी घरात शिरनार न्हाई, असं वाटलं," तो म्हणाला. "कळलं तर तिला पत्र्याच्या इस्पितळात नेत्याल. तिथून मानूस माघारी येत न्हाई, साहेब. आन् माळावरचे लोक माज्या पोरींना हाकलून देत्याल."

साथीच्या रोग्यांसाठी गावाबाहेर पत्र्याच्या शेड उभ्या केल्या होत्या, तेच ते पत्र्याचे इस्पितळ. तिथल्या नर्सबाईंना मी निरोप पाठवला. त्या ख्रिस्ती होत्या, राहुरीकडच्या, चाळिशी गाठलेल्या आणि बोलायला स्पष्ट. त्या आल्यावर आम्ही सगळे त्या घरी गेलो आणि विणकराने कुलूप काढले. खरे सांगायचे तर उंबऱ्याशी माझे पाय अडले. लस टोचलेली असली तरी प्लेगच्या घरात शिरताना माणूस कचरतोच. नर्सबाई मात्र सरळ आत गेल्या.

मागाशेजारी गोधडीवर ती बाई पडली होती. ओठ कोरडे पडले होते, पण शुद्धीवर होती. नवऱ्याच्या मागे माझा गणवेश पाहून तिने गोधडी घट्ट धरली.

"मला नेऊ नका," ती म्हणाली. "तिथून कोन माघारी येतं?"

"मी येते की रोज," नर्सबाई तिच्याजवळ बसत म्हणाल्या. "पोरी, हा रोग उंदरांच्या पिसवांनी होतो. सगळ्या गावात धोक्याची जागा कुठली असेल, तर ती ही. आता नव्या गोळ्या निघाल्यात. आणखी दोन दिवस इथं राहिलीस तर मला काही करता येणार नाही. आज आलीस तर पुष्कळ करता येईल."

तिने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिले.

"तुला कोठडीत ठेवणार नाही," मी म्हणालो. "तिच्याबरोबर जा. डॉक्टरांशी मी बोलतो. रोज खिडकीशी उभे राहून तिला पाहायला मिळेल."

तिला बाजेवरून गाडीत घातले. त्याने दुधाची वाटी ठाण्यापासून सांभाळत आणली होती. गाडी हलण्यापूर्वी त्याने ती तिच्या ओठांना लावली.

माळावर बातमी आमच्या आधी पोचली. मी गेलो तेव्हा त्या म्हातारीच्या झोपडीसमोर माणसे जमली होती आणि झोपडी उठवा म्हणून गलका चालला होता. दोन्ही मुली आजीला बिलगल्या होत्या. मी सरकारी हुकूम सुनावू शकलो असतो, पण माझी पाठ वळल्यावर तो कोणी पाळला नसता. नर्सबाई माझ्याबरोबर होत्या. त्यांनी सगळ्यांसमक्ष मुलींच्या काखा तपासल्या, ताप पाहिला आणि सांगितले, "पोरी ठणठणीत आहेत. रोज येऊन बघून जाईन."

"आन् त्यो चोर हाय त्याचं काय?" एकाने विचारले.

"तो चोर नाही," मी म्हणालो. "बायकोला वाचवायला त्याने चोरी अंगावर घेतली."

मग एक बाई पुढे आली. पहिली घरफोडी तिच्याच घरी झाली होती, आणि ठाण्यावर सर्वांत जास्त ओरडली होती तीच.

"भांडी गेली माजी," ती म्हणाली, "त्या पोरींनी काय केलंय? म्हातारीला एकटीला जमायचं न्हाई. पोरी माज्या झोपडीत ऱ्हातील." असे म्हणून तिने धाकटीला कडेवर घेतले. नर्सबाई माघारी निघाल्या तेव्हा गर्दी पांगली होती आणि कोणी तरी म्हातारीच्या चुलीला जळण आणून टाकले होते.

घरफोड्यांचा छडा पुढे मिरजगावच्या बाजारात लागला. लोकांचे सामान माळावर पोचवणाऱ्या गाडीवानांपैकी दोघे ती भांडी विकताना सापडले. भांड्यांवर मालकांची नावे कोरलेली होती, ती घासून काढण्याचाही त्रास त्यांनी घेतला नव्हता. आळीत कोणते घर केव्हा मोकळे होते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

विणकराची बायको मधे दोन-तीन दिवस फार अत्यवस्थ होती. तो खिडकीखालून हलला नाही. मग ताप उतरला, गाठ फुटली आणि तिने स्वतः होऊन भात मागितला. बऱ्याच दिवसांनी ती माळावर परतली, तेव्हा मी तिथे होतो. केस कापलेले, लुगडे अंगावर लोंबत होते, पण ती स्वतःच्या पायांनी चालत होती. बायका झोपड्यांतून बाहेर आल्या आणि आधी थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या. मग भांडी चोरीला गेलेली ती बाई पुढे झाली आणि तिने धाकटीला आईच्या हातात दिले. त्यानंतर सगळ्याच जवळ आल्या. तिथे काय खायला देतात, टोचलेले दुखते का, रात्री कोणी जवळ असते का, सगळे विचारून झाले.

मला या प्रकरणाने शिकवले ते हे, की गुन्हेगार आणि घाबरलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात. दोघेही दार लावून घेतात, खोटे बोलतात, नजर चुकवतात. पुढच्या सगळ्या नोकरीत, समोरचा खोटे बोलतो आहे असे दिसले की त्याला कशाची भीती आहे, हे मी आधी शोधत गेलो. आणि लोकांची भीती हुकमाने जात नाही. गेलेले माणूस माघारी आलेले डोळ्यांनी पाहिले, की ती कमी होते.

कारण ती माळावर परतली त्याच आठवड्यात एक सुतार भर सकाळी ठाण्याच्या पायऱ्या चढून आला. ठाणे अंमलदारासमोर उभा राहून, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, माज्या भावाला ताप हाय, काखंत गाठ हाय. त्या नर्सबाईंना सांगा आन् गाडी लवकर धाडा. मी त्याला तयार करून ठेवतो."