डाव्या बाजूची बोली

"डॉक्टरच म्हनले ना, गाठ साधी हाय? मग साध्या गाठीला कवटी कशाला उघडायची?"

"साधी म्हंजे कॅन्सर नाय! वाढली तर मेंदू दाबंल, हेबी म्हनले ते. तेवढं बरं इसरता!" नवसाबाईनं एमआरआयचं पाकीट नवऱ्यापुढं आपटलं.

"आन् बंद पडलेला कान?"

"त्यो गेलाच. आता नाय यायचा."

"मग मिळनार काय कापून?"

"तुम्ही. मला."

या बोलीला गोटीराम तयार झाला. मात्र त्यानं अट घातली, बाजारात मूळव्याधीचं ऑपरेशन सांगायचं.

हे नव्व्याण्णव सालचं. नाशिकजवळच्या एका बाजार समितीत गोटीराम कांद्याचे लिलाव पुकारायचा. ट्रॉल्यांच्या रांगेतून चालायचं, दोन्ही अंगांनी व्यापारी ओरडतील ते भाव झेलायचे. ऐकण्याच्या नसेवरच्या गाठीनं डावा कान कधीच बंद पाडला होता. व्यापाऱ्यांना कारण कळलं नाही, पण सोय कळली. जो तो उजवीकडे घुसू लागला.

मुंबईला ऑपरेशन झालं. गाठ निघाली. चेहरा डावीकडून उतरला, चहा ओघळायचा, चालताना झोक जायचा. तोंड हळूहळू सरळ झालं, तोवर बाजाराचं निदान तयार होतं: मूळव्याधीच्या दुखण्यानं गोटीराम प्यायला लागला.

तेही त्यानं सोसलं. मग लहानू नावाच्या शेतकऱ्यानं तक्रार केली. त्याच्या कांद्याला डावीकडून चढा भाव आला होता आणि गोटीरामनं माल उजवीकडच्या कमी बोलीवर तोडला होता. "उजवीकडच्यांचं खातोय ह्यो!"

समितीचे सभापती मोतीरामअण्णांनी दोघांनाही बोलावलं. गोटीराम मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, अण्णा." त्याच्यामागोमाग आलेल्या नवसाबाईला ते ऐकवेना. तिनं सरळ नवऱ्याची कानटोपी उचलली आणि कानामागचा व्रण दाखवला.

"चोर नायत हे! डाव्या कानानं ठार बहिरे हायेत!"

अण्णांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, काय केलंत हो? आता समज देऊन सोडणार होतो मी यांना. खाणारे काय, इथं चार आहेत, सांभाळून घेतो. पण बहिऱ्याला लिलावावर ठेवू कसा?"

लहानू ओशाळून म्हणाला, "भाऊ, आदी सांगायचं ना."

"बोला की!" नवसाबाई नवऱ्याच्या उजव्या बाजूला येऊन म्हणाली. "जलमभर चोर म्हनून घ्यायचं व्हतं का?"

गोटीरामनं तिच्या हातातली टोपी घेतली, उजवा कानही झाकेल अशी नीट ओढली आणि तो बाहेर पडला.