नायलॉनचा दोर आणि आजोबांची गाठ

त्या दुष्काळात आमच्या पाच घरांनी सोसायटी करून कोरडी पडलेली विहीर खोल करायला घेतली. पुढे तिला पाणी लागलं, हे आधीच सांगून टाकतो. पण मला आठवतो तो पहिला दिवस.

सामान आणायचं काम माझ्याकडे होतं. गावात दोर वळणारे एक आजोबा होते. त्यांचा अंबाडीचा दोर सोडून मी ऐटीत बार्शीहून नायलॉनचा आणला आणि अंबाडीचे दिवस संपले, असं त्यांच्या तोंडावर म्हणालो. जीभ फार सैल होती माझी.

आमच्याकडे रिवाज असा, की नव्या दोराने आधी दोन माणसांच्या वजनाचं दगडांचं पोतं उतरवायचं, मग दोर आणणाऱ्याने स्वतः उतरायचं. मला तो अपमान वाटला. मी कमरेला गाठ मारून थेट काठावर जाऊन बसलो. आजोबांनी मला मागे ओढलं, दोर सोडायला लावला आणि तीच गाठ पोत्याला मारायला सांगितली. मी रागारागाने मारली, अंबाडीला मारतात तशीच.

पोतं निम्म्यात गेलं आणि दोर एकदम हलका झाला. गुळगुळीत दोरातून गाठ निसटली होती. खालून पोतं आपटल्याचा आवाज आला तेव्हा मी काठापासून दोन पावलं मागे सरलो.

आता आजोबा चारचौघांत माझी लाज काढणार, असं मला वाटलं. त्यांनी दोर वर ओढून बोटांनी चाचपला.

"दोर लई चांगला हाय," ते म्हणाले. "त्याला गाठ येगळी लागती."

त्यांनी दुहेरी पीळ देऊन गाठ मारली, उरलेलं टोक पुन्हा अडकवलं, काठाच्या दगडाने दोर कापू नये म्हणून खाली गोणपाट घातलं. दुसरं पोतं उतरलं आणि सुखरूप वर आलं. आता पाळी माझी, पण पाय उचलेना. आजोबांनी ते ओळखलं.

"दोर तुझा, गाठ माझी. आधी म्या उतरतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "न्हाय आजोबा," मी म्हणालो, "तुमी वर ऱ्हावा. दोर तुमीच धरा."

मी तळाला टेकलो. फुटलेल्या पोत्याचे दगड पायाशी पसरले होते. आजोबांनी माझ्या कमरेला मारलेली गाठ मी सोडायला घेतली. ती काही केल्या सुटेना. नखं दुखेपर्यंत झटत राहिलो आणि मला हसू फुटलं. शेवटी सुटली, तेव्हा वर हाक मारून पहार मागितली.