दिव्यानीची सुट्टी

आज गुरुवारच्या प्रार्थनेत जे झालं, ते लिहिल्याशिवाय मला स्वयंपाकच सुचेना! विषय आमच्या शेजारच्या दिव्यानीचा.

आमच्या मूल गावात खो-खो खेळणाऱ्या पोरी पुष्कळ. पण दिव्यानी पळायला लागली की भातगिरणीतले हमालही पाठीवरचं पोतं टेकवून पाहतात. पाचवीत होती तेव्हा आमच्या अंगणातून कोंबडीमागे धावली अन् कोंबडी धरलीच. तेव्हापासून मी तिची भक्त.

आता नववीची परीक्षा संपली. सामने हिवाळ्यातच झाले, पुढचे पावसाळा सरल्यावर. मधल्या महिन्यांत पोरींनी आंबे खावे, लोळावं. पण कुठलं काय! पहाटे शाळेच्या आदेश सरांचं शिबिर, गुरुवारची प्रार्थना सोडली तर रोज संध्याकाळी विक्कीभाऊच्या क्लबचा सराव. दोघांचा दम एकच : एक दिवस चुकला की संघातून नाव गेलं. पोरगी भिऊन एकाचं दुसऱ्याला सांगेना. तिची आई रंजीता मला म्हणे, "वहिनी, पोरगी भाकर हातात धरून झोपून राह्यली. पण बोलू कोणाले? नाव कटलं तर जेवणारबी नाई ते."

तर आज ऊन उतरल्यावर मंदिराच्या सभामंडपात सगळे जमलो. दिव्यानी पुढच्या रांगेत, खो-खोच्या सवयीने उकिडवीच, डोळे मिटलेले, चेहरा एकदम शांत. ध्यान संपलं, आरती झाली, तरी ती हलेना.

म्हाताऱ्या शकुबाई माझ्या कानाशी आल्या. "पाह्यलं का व? पोरीची समाधी लागली! आपली काऊन नाई लागत?"

"आपलं ध्यान वरणाच्या फोडणीत, बाई."

पण माझेही हात जोडले गेले. दोघी-तिघींनी तर वाकून नमस्कार केला. माझ्या हातात प्रसादाचा शिरा होता. मागून गेले अन् हळूच तिच्या पाठीवर थाप दिली.

बस्स! पोरगी सुटलीच! महाकालीमाय, मला क्षणभर वाटलं तूच उठलीस! खो-खोत मागून पाठीवर थाप पडली की उठून पळायचं. पोरीने झोपेतच तेवढं केलं. पेटीवाल्या वामनरावांना चुकवलं, मंडपाच्या खांबाला गर्रकन वळसा घातला, अन् पुरुषांच्या रांगेत बसलेल्या विक्कीभाऊवर सूर मारून ओरडली, "आउट!"

सगळा मंडप हसला. दिव्यानीचे डोळे उघडले, अन् ती रडायलाच लागली.

आदेश सर धावत आले. "झोपली होती का तू?"

तेव्हा रंजीताला कंठ फुटला. "पहाटे तुमी पळवता सर, संध्याकाळी हे विक्कीभाऊ. झोपन कधी ते?"

सरांनी विक्कीभाऊकडे पाहिलं. "तुमच्याकडंबी येते का हे?"

"म्हणजे सकाळी तुमच्याकडं?"

"वा रे मास्तरहो!" शकुबाई कडाडल्या. "दोघंबी पोट सुटलेले, अन् पळते पोरगी!"

दिव्यानी हुंदके देत म्हणाली, "सर, मी उद्या येतो. नाव नोका कापू."

आदेश सर विक्कीभाऊशी दोन शब्द बोलले अन् म्हणाले, "नाव पक्कं आहे. पण आता शाळा उघडेपर्यंत मैदानात दिसली, तर कापतो."

"अन् शाळा उघडल्यावर एकाच वेळचा सराव," विक्कीभाऊ म्हणाले. "माझ्याकडं नाईतर सरांकडं."

पोरीने डोळे पुसले, सरांकडे दोनदा पाहिलं, अन् सावली गावच्या मामाला 'सुट्टीत येतो' असा फोन करायला घराकडे अशी सुसाट सुटली म्हणता!

मागून दोघेही एकदमच ओरडले, "अव पोरी, चालत जा ना!"