पांढऱ्या सिमेंटचे दिवस

दातांच्या दवाखान्यात पेशंटचं तोंड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. त्यामुळे आमच्याकडे किस्से साठायला नकोत, असं कुणालाही वाटेल. पण कापूस बाहेर काढला की माणूस अर्ध्या तासाचं एका मिनिटात बोलून घेतो! बोईसरला मी आठ वर्षं काढली, तेवढ्यात पोतंभर जमलेत.

ऐंशीच्या दशकात मी देवस्थळी सरांच्या दवाखान्यात असिस्टंट डॉक्टर म्हणून लागले. सरांचा जीव चांदीत, म्हणजे दातात भरायच्या चांदीत. मी मुंबईहून कॉम्पोझिट शिकून आलेली, म्हणजे दातात भरायचं दाताच्याच रंगाचं मिश्रण. सर त्याला ‘पांढरं सिमेंट’ म्हणायचे, तेही प्रेमानं नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हौस करा. पण एक जरी पडलं, तर तो डबा आणि तुम्ही, दोघं परत मुंबईला!"

इतकं उत्तेजन मला कॉलेजातही मिळालं नव्हतं.

*

सरावलीचा रामसूरत फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात होता. मी दोन पेस्ट एकत्र कालवत होते. त्यानं वास घेतला आणि खुर्चीत उठूनच बसला.

"मॅडम, ये तो हमारा टंकीवाला माल है! रेझिन, काच का चूरा, हार्डनर!"

मी म्हटलं, "बरोबर."

"और काच रेझिन को पकडे, इसलिये काच पे केमिकल लगाते हैं ना?"

लावतात. त्याला सायलेन म्हणतात. ते न आल्यामुळे माझ्या वर्गातले दोघं तोंडी परीक्षेत आपटले होते. हा पहिली पाळी संपवून, हात धुऊन आला होता! वर मलाच बजावलं, "हार्डनर जादा मत डालना, क्रॅक होगा."

*

कॉम्पोझिटचे प्रकार मात्र मला पुस्तकानं नाही, कंपनीच्या रिप्रेझेंटेटिव्हनं शिकवले. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, काचेचे मोठे कण! दगडासारखं मजबूत!" मजबूत होतं, पण खरखरीत. चहाबाजांचे दात थोड्याच दिवसांत चहाच्या रंगाचे झाले.

पुढच्या खेपेला त्यानं नाक मुरडलं. "मोठे कण? छे! आता बारीक कण, आरशासारखी चकाकी!" चकाकी होती, पण दाढेत भरलं की चण्यांनी झिजायचं.

तिसऱ्या खेपेला म्हणाला, "आता हायब्रिड! मोठे-बारीक एकत्र!"

सर पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "म्हणजे उरलेले दोन डबे एकात ओतले."

"एक्झॅक्टली, सर!" तो खूश होऊन म्हणाला.

*

मग निळ्या प्रकाशानं घट्ट होणारं आलं. अणुवीज केंद्र हाकेच्या अंतरावर, आणि आमच्याकडे ऐन वेळी वीज गुल! घिवलीच्या एका काकू तोंडात ओला गोळा घेऊन वीस मिनिटं आ वासून बसल्या होत्या. आम्ही सगळे पंख्याकडे बघत होतो.

अणुकेंद्रातले एक साहेब तर छातीवर रेडिएशन मोजायचा बिल्ला लावूनच खुर्चीत बसले. मी समजावलं, "साहेब, हा नुसता प्रकाश आहे. काही होत नाही."

ते म्हणाले, "आम्हीही पाहुण्यांना हेच सांगतो." बिल्ला काही काढला नाही.

*

आणि मुरब्याचे जनार्दन तांडेल. जाळं दुरुस्त करताना नायलॉनचा दोरा पुढच्या दातानं तोडायचा, ही त्यांची पिढीजात पद्धत. कात्री होडीत असते, पण ती सापडेपर्यंत कोण थांबणार! पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता.

सर म्हणाले, "लावा तुमचं सिमेंट. आणि सामानही बांधून ठेवा."

मला खरंच भीती वाटली. नवरा इथल्याच कारखान्यात, नुकतंच बिऱ्हाड मांडलेलं. ही नोकरी गेली तर मी कुठे जाणार होते? मी तांडेलांना तीनतीनदा बजावलं, "या दातानं दोरा तोडायचा नाही. शपथ घ्या." त्यांनी दर्याची शपथ घेतली.

महिन्याभरानं तांडेल दारात उभे, तोंडावर रुमाल. सर चक्क पेपर ठेवून उठले. त्यांचा चेहरा इतका प्रसन्न मी कधीच पाहिला नव्हता! त्यांनी स्वतः तांडेलांना खुर्चीत बसवलं, स्वतः टॉर्च मारला आणि मग टॉर्च माझ्या हातात दिला.

मी वाकून पाहिलं. माझं कॉम्पोझिट जागच्या जागी होतं. शेजारचा दात मात्र अर्धाच!

"डॉक्टरीणबाय, तुमी सांगितलं त्या दातानं नाय तोडला दोरा. दर्याची आन! बाजूच्यानं तोडला." मग तांडेल सरांकडे वळले. "बाईंचा हाय तसा हाय, देवाचा तुटला. आता ह्यो पन बाईंच्याच मालाचा करा!"