पेवातला दिवा

दत्तू भावोजींचा आवाज पेवातून यायचा थांबला आणि त्यांच्या हातातला दोर सैल पडला.

पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. उघडल्यावर आधी आत दिवा सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. आमचा विझला होता. "वाऱ्यानं विझला असेल. वहिनी, तुम्ही आता ज्वारीलाही भ्यायला लागलात?" असं म्हणून भावोजी हसत उतरले होते.

कोंडलेलं धान्य आतली हवा खाऊन टाकतं. पूर्वी माणसं भूक नेईल तिकडं चालत जायची. मग कुणीतरी दाणे पुरले आणि राखणीला तिथंच बसलं. त्याचीच पुढं गावं झाली. आम्हीही त्या खड्ड्याच्या भरवशावर राहत होतो, आणि आता त्याच्या काठाशी मी मालकांचा सदरा घट्ट धरून उभी होते.

"सोड मला, भाऊ आहे माझा खाली," मालक म्हणाले.

"दिवा विझलाय," मी म्हणाले. त्यांचा सदरा फाटला, तरी मी सोडला नाही.

पुढं दिवा नीट जळू लागल्यावर तीच ज्वारी काढली आणि वर्षभर खाल्ली. खाणारे आम्ही दोघं होतो. भावोजी नव्हते.