रंगनाथकाकांचे डबे

शारदाचा फोन आला तेव्हा मी शाळेतून येऊन नुकती चपला काढत होते. "सुनी, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "वर टमाटे पिकलेत. तोडू का राहू देऊ?" वडील गेल्याच्या दिवशी लेकीनं टमाट्यांचं विचारावं, हे कुणाला विचित्र वाटेल. मला वाटलं नाही. "राहू दे, मी निघते," असं म्हणून मी जालन्याच्या स्टँडवर गेले आणि अंबडच्या पहिल्या गाडीत बसले. खिडकीबाहेर कपाशीची रानं मागं जात होती आणि माझ्या डोळ्यांपुढं मात्र गच्चीवरची डब्यांची रांग होती.

रंगनाथकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, शारदाचे वडील. एसटीत ड्रायव्हर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही सगळे अंबडला एका लाईनीत भाड्यानं राहायचो, दोन खोल्या आमच्या, शेजारच्या दोन काकांच्या, मध्ये एकच भिंत. आमच्या घराण्यात जमीन कुणालाच नव्हती. पणजोबा मेंढरांमागं रानोरान फिरले, आजोबा जाफराबादकडं दुसऱ्याच्या शेतावर सालगडी म्हणून राबले. काका हे सगळं हसतच सांगायचे. "बापानं लोकाचं रान केलं. मला गच्ची मिळाली, तीबी मालकाची."

या डब्यांची सुरुवात शारदाच्या एका उत्तरानं झाली. ती नऊ वर्षांची असेल, मी दहाची. जेवताना काकांनी तिला सहज विचारलं, मेथी कुठून येते. ती म्हणाली, "बाजारातून." काकांच्या हातातला घास हातातच राहिला. "माझा बाप ऐकत असंल तर उठून बसंल गं!" ते म्हणाले. पुढच्या सुट्टीला त्यांनी किराणा दुकानातून तेलाचे चौकोनी पत्र्याचे डबे आणले, झाकणाची बाजू कापून कडा ठोकून बोथट केल्या, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली. शहागडची ड्यूटी असली की येताना गोदावरीच्या काठचा गाळ पोत्यात घालून आणायचा, जाफराबादला गेले की पाहुण्यांच्या वाड्यावरून मेंढ्यांचं लेंडीखत आणायचं. एसटीच्या टपावरून कुणी काय काय नेतं, पण खताची पोती घेऊन घरी येणारा ड्रायव्हर आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच पाहिला. घरमालकांची अट एकच होती, स्लॅब गळता कामा नये. म्हणून काकांनी प्रत्येक डब्याखाली चार विटा ठेवल्या आणि वर्षाच्या आत तिथं बूड गेलेलं घमेलं, फुटका माठ, ट्रकचं टायर अशी वस्ती झाली. मेथी, कोथिंबीर, वांगी, मिरच्या, टायरात पुदिना, माठात कढीपत्ता, आणि एका मोठ्या पिंपात कागदी लिंबू. लाईनीतल्या प्रत्येक पोराला एक डबा. डब्यावर खडूनं नाव. आपल्या डब्याचं आपण बघायचं, दुसऱ्याच्या डब्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, एवढाच त्यांचा नियम.

तो नियम मी मोडला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

माझ्या डब्यात मिरची होती. तिची पानं आकसून वाकडी झाली. काका म्हणाले, "बोकडली ती. काढून टाकू, दुसरी लावू." शारदाच्या वांग्याला मात्र जांभळी फुलं आली आणि एका फुलामागं बोराएवढं वांगं धरलं. काकू येईल-जाईल त्याला ते दाखवायला वर न्यायच्या. पहिल्या वांग्यांचं भरीत शारदाच्या हातानं करायचं, असंही ठरलं. एका दुपारी सगळे झोपलेले असताना मी स्वयंपाकघरातून दोन मुठी खडे मीठ घेतलं, तांब्यातल्या पाण्यात विरघळवलं आणि ते शारदाच्या डब्यात ओतलं. पुन्हा खाली आले, पुन्हा तेच केलं. का केलं, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. मला ते झाड मरायला हवं होतं, एवढं खरं.

तीन दिवसांत झाडानं मान टाकली. आम्ही सगळी पोरं भोवती उभी होतो, शारदा हुंदके देत होती. काकांनी डब्यातली चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. मग थुंकले. एकेका पोराच्या तोंडाकडं त्यांची नजर फिरली आणि माझ्यापाशी थोडी थांबली. मग शारदाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चल खाली. माती बदलावी लागंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकटीला वर बोलावलं. मला वाटलं, आता मार. त्यांनी वाळलेलं झाड आधीच काढून ठेवलं होतं. शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. आमच्याकडं तेव्हा नळ तिसऱ्या दिवशी यायचा, त्यामुळं दोन बादल्या म्हणजे काय हे मला कळत होतं. "घाल पाणी. हळू, तांब्या-तांब्यानं," ते म्हणाले. मी घातलं. खालच्या भोकांतून पाणी ठिबकलं, ते त्यांनी वाटीत धरलं आणि माझ्यापुढं केलं. "चाख." खारट होतं. "मंग अजून घाल."

असं तीन दिवस चाललं. पाणी घालायचं, वाटी धरायची, चाखायचं. दुसऱ्या दिवशी काकू खालून ओरडल्या, "अहो, अंघोळीचं पाणी कुठं चाललं?" काका वरूनच म्हणाले, "दोन दिस न्हाई केली अंघोळ तर गाडी काय बंद पडत न्हाई!" तिसऱ्या दिवशी वाटीतलं पाणी गोडं लागलं. मी वाटी खाली ठेवली आणि रडायला लागले. काकांनी उपरण्यानं माझं नाक पुसलं. "झालं. आता हिच्यात काय बी लाव, बराबर येईल. जल्दी खाली जा, तुझी माय हाका मारून राह्यली." बस्स. ना उपदेश, ना शपथ. नंतर त्यांनी मला आणि शारदाला त्याच डब्यात मिळून कोथिंबीर पेरायला लावली. त्या आठवड्यात शारदा काकांना जेवायला हाक मारायला जात नव्हती, त्यांच्याजवळ बसत नव्हती. मला वाटलं, झाडाचं दुःख असेल.

पुढं दोघींची लग्नं झाली. मी जालन्याला शाळेत लागले, दोन खोल्यांच्या घरात राहायला आले. काका रिटायर झाले, तरी लाईनीतली पोरं बदलत राहिली आणि डबे भरत राहिले. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना काका चार दिवस आमच्याकडं आले ते मांडीवर रंगाची बादली घेऊन. बादलीत गवती चहा. अख्ख्या प्रवासात म्हणे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून त्याला गिअर कधी टाकायचा ते सांगत होते. माझ्या मुलाच्या हातानं त्यांनी गॅलरीत तीन डबे लावून घेतले. माती कालवता कालवता त्यानं विचारलं, "आजोबा, आई लहानपणी कशी होती?" काका शांतपणे म्हणाले, "तुझी आई? माती धुण्यात एक नंबर."

मुलगा खेळायला गेल्यावर मी धीर करून विचारलं, "काका, शारदाला तुम्ही कधी सांगितलंत का?"

"मी कशाला सांगू? तुझं हाय ते. तुला वाटलं तर तू सांग."

मला वाटत होतं, पण मी सांगितलं नाही. दिवाळीला, लग्नकार्यांत, कितीदा शारदा भेटली. दर वेळी पुढच्या वेळेवर टाकलं.

काका गेल्याच्या नवव्या दिवशी आम्ही दोघी गव्हातले खडे निवडत बसलो होतो. खाली मान घालून मी सगळं सांगून टाकलं. तांब्या, मीठ, दुपार, वाटी. शारदाचे हात थांबले.

"तू?" ती म्हणाली. "मला बाबांनी सांगितलं होतं, त्यांच्याच हातनं झालं म्हणून. ड्यूटीवरून आल्यावर ते मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसायचे ना? ते पाणी चुकून माझ्या डब्यात ओतलं, म्हणाले. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले न्हाई, सुनी. त्यांनी ताट वाढलं तर मी उठून जायची…"

मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कळूही दिलं नव्हतं. माझ्या वाट्याचा राग त्यांनी घेतला, पोटच्या लेकीचा अबोला सोसला, आणि तरी माझ्याकडून माती धुऊन घेतली.

शारदा कितीतरी वेळ सुपातल्या गव्हावर बोटं फिरवत होती. मग म्हणाली, "तू आधी सांगायला पाहिजे होतंस. मी एकदा त्यांच्या जवळ जाऊन बसले असते." तिनं डोळे पुसले, सूप माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाली, "ही बाजू तू निवड." आम्ही दोघींनी मिळून ते गहू संपवले.

आता दीड महिना झाला. मागच्या रविवारी मी अंबडला गेले होते. शारदा परत सासरी गेलेली, काकू आत पडलेल्या. दुपारचे दोन वाजले असतील. डबे कोरडे पडले असतील म्हणून मी बादली भरून गच्चीवर गेले. लिंबाच्या पिंपाच्या सावलीत शेवटच्या खोलीतल्या भाडेकरूंची आयेशा बसली होती. सहा-सात वर्षांची असेल. मी तांब्या बुडवला तशी ती धावत आली आणि माझा हात धरला.

"आत्ता न्हाई द्यायचं पाणी. ऊन हाय."

"अगं, सुकलीत बघ ती."

"ऊन खाली गेल्यावर द्यायचं," ती ठामपणे म्हणाली. "आजोबा रागवतेत."

रागवतेत. मी तांब्या परत बादलीत ठेवला. तिनं सरकून मला सावलीत जागा करून दिली, आणि आम्ही दोघी ऊन उतरायची वाट बघत बसलो.